फुग्यासाठी पुन्हा वापरता येणारी क्लिप: पहिल्या मोजमापापासून शेवटच्या चाचणीपर्यंत

फुग्याच्या मानेला मारलेली गाठ हवा अडवण्याचं काम उत्तम करते. तिची अडचण एकच, ती सुटत नाही. नखांनी उकलायला गेलं की मानेचं रबर फाटतं आणि हवा सोडण्यासाठी शेवटी फुगा फोडावाच लागतो. फुग्याच्या हवेवर पळणारी खेळण्यातली गाडी, हवेच्या दाबाचे प्रयोग, फुगवून पाहून पुन्हा कमी-जास्त करायची सजावट, अशा ठिकाणी गाठ गैरसोयीची ठरते. ज्यांची बोटं आखडतात किंवा थरथरतात त्यांना तर गाठ मारणंच कठीण जातं. या सगळ्यांना हवी असते एक क्लिप: लावली की घट्ट, काढली की फुगा जसाच्या तसा.

वस्तू डिझाइन करायला शिकायचं असेल तर मी प्रत्येकाला हीच क्लिप करून बघायला सांगतो. ती मुठीत मावते, एक नमुना तासाभरात तयार होतो, आणि आपलं काय चुकलं ते फुगा लगेच दाखवून देतो. सुरुवातीला एक मोजपट्टी, दहा-बारा फुगे, जाड पुठ्ठा आणि पाण्याची बादली एवढं पुरे. थ्रीडी प्रिंटर असेल तर पुढचं काम सोपं होतं, पण त्याच्यावाचून अडत नाही.

पायरी १: हवा नेमकी कुठून निसटते ते पाहा

आतली हवा बाहेर यायला धडपडते, म्हणून क्लिप दणकट हवी, असं वाटणं साहजिक आहे. मीही पहिल्या क्लिपा त्याच समजुतीने केल्या. जाडजूड जबडे, जोरदार स्प्रिंग, आणि तरी सकाळी फुगा मलूल. आकडेमोड केल्यावर चूक कळली. साध्या रबरी फुग्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम २ ते ४ किलोपास्कलने जास्त असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोन ते चार टक्के. मानेचं भोक १ सेंमी व्यासाचं धरलं, तर ३ किलोपास्कलला त्यावर येणारा जोर २४ ग्रॅम वजनाएवढा भरतो. दोन बोटांच्या हलक्या चिमटीतही तो अडतो.

मग हवा जाते कुठून? घडीतून. मान ही नळी आहे. ती दाबून सपाट केली की दोन्ही कडांना रबर वळतं, आणि त्या वळणाच्या आत थेंबाच्या आकाराची बारीक पोकळी उरते. कडक, सपाट जबडे मधला भाग गच्च दाबतात, पण कडेची ती दोन सूक्ष्म बोगदी तशीच उघडी राहतात. मान चुरगळून पकडली तर चुण्या वाढतात आणि बोगदीही वाढतात. तेव्हा आपली लढाई या चुण्यांशी आहे, आणि क्लिपचा आकार, जबड्याची रुंदी, मऊ अस्तर हे सगळं पुढे त्याच हिशेबाने ठरवायचं आहे.

हे डोळ्यांनी बघून घ्या. फुगा फुगवा, मानेला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा आणि मान पाण्यात बुडवा. मानेच्या दोन कडांपाशी बारीक बुडबुड्यांची माळ दिसेल. आता चिमटा काढून मानेला तीन-चार पीळ द्या, ती लांब ओढा, आणि त्या ताणलेल्या पिळावर तोच चिमटा लावा. बुडबुडे बंद होतील किंवा खूपच कमी होतील. चिमट्याचा जोर तोच आहे. बदलली ती मानेची अवस्था. पीळ दिल्याने सरळ बोगदी मुरडल्या जातात आणि ओढल्याने रबर पातळ होऊन आतली पोकळी मिटते.

मायकेल फॅरडे यांनी १८२४ मध्ये हायड्रोजनवरच्या प्रयोगांसाठी पहिले रबरी फुगे केले, तेव्हा त्यांना तोंड बंद करण्याची चिंता जवळजवळ नव्हती. कच्चं रबर स्वतःलाच चिकटतं. त्यांनी दोन चकत्या एकमेकींवर ठेवून नुसत्या कडा दाबल्या आणि मधला भाग चिकटू नये म्हणून आतून पीठ लावलं. आजच्या फुग्याचं रबर गंधक वापरून पक्कं केलेलं असतं. ते टिकाऊ आहे, लवचिक आहे, पण स्वतःला चिकटत नाही. म्हणून त्याला बाहेरून धरून ठेवावं लागतं.

पायरी २: तुमच्या फुग्याची मान मोजा

मापं दुसऱ्याकडून घेऊ नका. एका पाकिटातल्या दोन फुग्यांच्या मानाही तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून पाच फुगे मोजून सरासरी काढा. चार गोष्टी लिहून ठेवायच्या: मान सपाट केल्यावरची रुंदी, मानेची लांबी, रबराची जाडी आणि तोंडाशी असलेल्या गोल वळीची जाडी. जाडी एका पदराची मोजू नका. मान सपाट करून दोन-तीन घड्या घाला, व्हर्निअर कॅलिपरने (बारीक जाडी मोजायच्या साधनाने) हलक्या हाताने मोजा आणि पदरांच्या संख्येने भागा. कॅलिपर आवळला तर रबर दबतं आणि माप कमी येतं.

सुमारे २८ सेंमी व्यासापर्यंत फुगणाऱ्या नेहमीच्या फुग्याची मान सपाट केल्यावर साधारण २ सेंमी रुंद आणि एक पदर ०.३ मिमीच्या आसपास जाड असतो. प्राणी-फुलं वळायचे लांबट फुगे वेगळे. त्यांच्यावर २६० असा आकडा असतो, म्हणजे फुगल्यावर २ इंच जाड आणि ६० इंच लांब. त्यांची मान अरुंद असते, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी क्लिप आखावी लागेल.

तोंडाच्या वळीची जाडी अनेकजण मोजतच नाहीत. ही वळी आपल्या फार कामाची आहे. मान क्लिपमधून सरकायला लागली की वळी अडते आणि फुगा सुटून जात नाही. क्लिप नेहमी वळी आणि फुग्याचं पोट यांच्या मधोमध बसेल अशीच आखा.

पायरी ३: पद्धत निवडा

मान बंद करण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत. खाच असलेल्या चकतीत पिळलेली मान अडकवणं, जबड्यांच्या क्लिपने सपाट मान दाबणं, आणि मानेत बूच किंवा झडप बसवणं.

झडपेचा मोह सगळ्यांना होतो, कारण तिच्यातून हवा भरता येते आणि ती आपोआप बंद होते. चकाकणाऱ्या फॉइलच्या फुग्यांत पातळ पापुद्र्याची अशी झडप असतेच. रबरी फुग्यात मात्र झडपेचा कडक भाग आणि मान यांच्यामधला सांधा हवाबंद करावा लागतो, शिवाय आतला पापुद्राही नेमका बसावा लागतो. एकाऐवजी दोन ठिकाणी गळती शोधत बसाल. नव्या माणसाने तिकडे वळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी चकती करा. तिच्यात हलणारा भाग नाही, आणि ती करताना रबराचा स्वभाव हाताला कळतो. मग जबड्यांच्या क्लिपकडे जा.

पायरी ४: चकती

चकतीची सगळी करामत एका गोष्टीवर उभी आहे. रबर ताणलं की बारीक होतं, सोडलं की फुगतं, पण त्याचं आकारमान जवळजवळ बदलत नाही. हिशेब करून पाहू. सपाट मान २२ मिमी रुंद असेल तर नळीचा घेर ४४ मिमी. जाडी ०.३ मिमी, म्हणजे आडव्या छेदातलं रबर सुमारे १३ चौरस मिमी. हीच मान पीळ देऊन तिप्पट लांब ओढली, की छेद तिसऱ्या हिश्श्यावर येतो: साडेचार चौरस मिमीच्या आत, म्हणजे सुमारे २.४ मिमी जाडीची दोरी. हात सैल सोडले तर तीच दोरी पुन्हा ४ मिमीची होऊ पाहते.

आता चकतीला ३ मिमीचं गोल भोक ठेवा आणि त्या भोकापर्यंत कडेकडून एक अरुंद वाट काढा, कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखी. ताणलेली दोरी वाटेतून भोकात सहज जाईल. सोडल्यावर ती जाड होऊ पाहील, पण भोक तिला जागा देणार नाही. रबर चारही बाजूंनी सारखंच दबेल आणि आतल्या चुण्या आपोआप मिटतील. जोर देणारी स्प्रिंग म्हणजे फुग्याची स्वतःचीच मान. मला हा उपाय अतिशय सुंदर वाटतो.

चकतीचा व्यास ४० मिमी, जाडी २ ते ३ मिमी ठेवा. वाटेची रुंदी १.५ मिमी, आणि कडेपाशी ती ५-६ मिमीपर्यंत पसरट, म्हणजे मान न शोधता आत घालता येते. भोकाचा योग्य आकार कागदावर शेवटपर्यंत ठरत नाही. म्हणून पहिल्या चकतीवर एकाऐवजी तीन भोकं आखा: २.५, ३ आणि ३.५ मिमी. एकाच नमुन्यावर तिन्ही तपासून होतात. सगळ्यात मोठं भोक, जे तरीही गळत नाही, ते निवडायचं. लहान भोक घट्ट बसेल, पण काढताना मान ओरबाडली जाईल आणि लावताना जास्त ताणावी लागेल.

समोरच्या कडेला आणखी एक साधी खाच करा, २ मिमी रुंद आणि ६ मिमी खोल. मान भोकात बसवल्यावर उरलेलं टोक चकतीभोवती एक वेढा देऊन या खाचेत अडकवायचं. बोटीचा दोर खुंट्याभोवती गुंडाळला की एका हाताने मोठी बोट धरता येते, तेच तत्त्व इथे चालतं. वेढ्याच्या कोनाप्रमाणे घर्षण झपाट्याने वाढतं. घर्षणाचा गुणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती अडवतात त्याचं माप) ०.५ इतका माफक धरला, तरी अर्धा वेढा ओढ सुमारे पाच पटीने कमी करतो आणि पूर्ण वेढा तेवीस पटीने. भोक हवा अडवतं, वेढा मान सरकू देत नाही. ही दोन कामं वेगवेगळ्या भागांकडे सोपवली की दोन्ही नीट होतात.

पहिला नमुना दोन-तीन थर चिकटवलेल्या जाड पुठ्ठ्याचा करा. तो चार-पाच वापरांत फाटेल, पण चकती हातात कशी बसते, अंगठा कुठे जातो, मान ओढायला जागा पुरते का, हे पंधरा मिनिटांत समजेल. पुठ्ठ्यावर हवाबंदपणा तपासू नका. त्याच्या खरखरीत कडेवरून निष्कर्ष काढाल तर फसाल.

लावण्याची रीतही डिझाइनचाच भाग आहे, म्हणून ती ठरवून टाका. फुगा थोडा कमीच फुगवा. एका हाताने मान पोटाजवळ चिमटीत धरा. दुसऱ्या हाताने तोंडाची वळी पकडून तीन पीळ द्या. मान ओढून ताणा, ताणलेलीच भोकात सरकवा, सोडा, वेढा घ्या, टोक खाचेत अडकवा. काढताना उलट क्रम, आणि भोकातून मान खेचून काढण्याआधी ती पुन्हा ताणायची. न ताणता खेचली तर मान तिथेच फाटेल.

पायरी ५: जबड्यांची क्लिप

चकतीला दोन्ही हातांचं कसब लागतं. लहान मुलं, म्हातारी माणसं, किंवा एकामागून एक पन्नास फुगे बंद करणारा माणूस यांना जबड्यांची क्लिप सोयीची. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला खटका, मधे मान. दिसायला सोपी, पण हिच्यात चार ठिकाणी चूक होऊ शकते.

पहिलं ठिकाण जबड्याचा पृष्ठभाग. सपाट, रुंद जबडा मजबूत वाटतो आणि तोच गळतो. २२ मिमी रुंद मानेवर १ मिमी रुंदीची रेघ दाबली तर क्षेत्रफळ २२ चौरस मिमी. त्यावर १०० किलोपास्कल दाब, म्हणजे फुग्यातल्या दाबाच्या तीस पटीहून जास्त, आणायला फक्त २२० ग्रॅमचा भार पुरतो. जबडा १० मिमी रुंद केला तर तेवढ्याच दाबाला सव्वादोन किलो लागतील. म्हणून वरच्या जबड्याला १.५ मिमी रुंदीचा, गोल माथ्याचा एक कणा द्या आणि खालच्या जबड्यात त्याच्यासमोर २.५ मिमी रुंदीची उथळ पन्हळ.

पन्हळीत १ ते २ मिमी जाडीची मऊ पट्टी बसवा. सिलिकॉनची चालते, सायकलच्या जुन्या ट्यूबची कापून घेतली तरी उत्तम. कडेच्या त्या दोन बोगद्यांवर खरा उपाय ही पट्टीच आहे. घडीच्या ठिकाणी रबर जाड असतं, तिथे पट्टी जास्त दबते, मधे कमी दबते, आणि कणा सगळीकडे टेकतो. कडक जबड्यावर कडक जबडा ठेवून हे कधीच साधत नाही, प्लास्टिक कितीही घासा.

दुसरं ठिकाण जबड्याचा वाक. दोन्ही टोकांना धरलेली पट्टी मधे बाहेर झुकते आणि नेमकी मधेच दाब कमी पडतो. यावर दोन उपाय. जबड्याची उंची वाढवा. उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, म्हणून मिलिमीटरभर वाढही मोठा फरक पाडते. दुसरा उपाय म्हणजे कणा मध्यभागी ०.३ ते ०.५ मिमी फुगीर ठेवणं. क्लिप मिटल्यावर जबडा वाकतो आणि हा फुगीरपणा बरोबर भरून निघतो.

लांबीचं माप मानेच्या रुंदीवरून काढा. सपाट मान दाबली की थोडी पसरते, म्हणून दोन्ही बाजूंना ४ मिमी मोकळे ठेवायचे. २२ मिमीच्या मानेला जबड्याची कामाची लांबी ३० मिमी, आणि बिजागरी-खटका धरून क्लिप ४५ मिमीच्या आसपास. याहून आखूड केली तर मानेची कड बिजागरीत चिमटते आणि पहिली गळती तिथूनच सुरू होते.

तिसरं ठिकाण खटका. क्लिप मोडते ती बहुतेक वेळा इथेच. खटक्याची पट्टी वाकते तेव्हा तिच्या मुळाशी प्लास्टिक ताणलं जातं, आणि तो ताण साध्या हिशेबाने काढता येतो: पट्टीची जाडी गुणिले वाकण्याचं अंतर गुणिले ३, भागिले लांबीच्या वर्गाची दुप्पट. १.५ मिमी जाड आणि १५ मिमी लांब पट्टी १ मिमी वाकली, तर उत्तर ०.०१, म्हणजे १ टक्का. तीच पट्टी १० मिमी लांब ठेवली तर ताण २.२५ टक्क्यांवर जातो. थ्रीडी प्रिंटरमध्ये नेहमी वापरतात त्या पीएलए प्लास्टिकसाठी मी १ टक्क्याची मर्यादा पाळतो, कारण ही क्लिप शेकडो वेळा उघडायची आहे. मोडणारा खटका जाड करण्याची चूक करू नका. जाडी वाढली की ताणही वाढतो. पट्टी लांब करा. क्लिपवर जागा नसेल तर पट्टी इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून घ्या, लांबी मिळते. आणि पट्टीच्या मुळाशी टोकदार कोपरा न ठेवता १ मिमीची तरी गोलाई द्या. तडा तिथूनच जातो.

चौथं ठिकाण बिजागरी. पातळ पापुद्र्याची, एकसंध बिजागरी पीएलएमध्ये दहा-वीस वेळांत तुटते. पॉलिप्रोपिलीनमध्ये ती वर्षानुवर्षं टिकते, पण घरच्या प्रिंटरवर ते प्लास्टिक छापणं त्रासाचं, कारण ते तळाला नीट चिकटत नाही आणि कोपरे उचलले जातात. सोपा मार्ग म्हणजे खिळीची बिजागरी. प्रिंटरच्या १.७५ मिमी जाडीच्या फिलामेंटचाच, म्हणजे त्यात घालायच्या प्लास्टिकच्या तारेचाच, तुकडा खिळी म्हणून वापरा, भोक २ मिमीचं ठेवा आणि खिळीची टोकं तापलेल्या सुरीने चेपून टाका.

पायरी ६: छापणं आणि घासणं

क्लिप प्रिंटरच्या तळावर आडवी निजवा, म्हणजे तिची बाजूची आकृती प्रत्येक थरात पूर्ण उमटेल. छापलेल्या वस्तूचे थर एकमेकांपासून सुटायला सोपे असतात. खटक्याची पट्टी उभी छापली तर वाकताना थर उलगडतात, आडवी छापली तर प्रत्येक थर स्वतः वाकतो. ०.४ मिमीचं नोझल (प्लास्टिक बाहेर पडतं ती तोटी) आणि ०.२ मिमीचा थर या कामाला पुरेसे आहेत. एकमेकांत सरकणाऱ्या भागांमध्ये ०.३ मिमीची फट ठेवा.

पीएलए छापायला सोपं आहे, पण त्याचे दोन अवगुण ध्यानात असू द्या. सुमारे ६० अंश सेल्सिअसला ते मऊ पडतं, म्हणून उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली क्लिप वाकडी होऊ शकते. आणि ते सतत ताणाखाली राहिलं तर हळूहळू सैलावतं. म्हणून क्लिप वापरात नसताना उघडीच ठेवा. अंतिम नमुना पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये छापला तर तो थोडा जास्त लवतो आणि उष्णताही जास्त सोसतो.

प्रिंटर नसेल तर आइस्क्रीमच्या दोन लाकडी काड्या घ्या. एकीवर काडीपेटीच्या काडीएवढा जाड, गोल कणा चिकटवा, दुसरीवर ट्यूबची पट्टी. एका टोकाला दोरा गच्च बांधा, दुसऱ्या टोकाला रबरबँड. या क्लिपनेही फुगा चांगला राहतो, आणि वर सांगितलेला प्रत्येक मुद्दा तिच्यावर पडताळता येतो.

मानेला लागणारी प्रत्येक कड गोल हवी. ताणलेल्या रबराला बारीकसा ओरखडा पुरतो. छापताना प्रत्येक थराच्या सुरुवातीला जो बारीक उंचवटा राहतो, तो स्लाइसरमध्ये (छापण्याआधी आकृतीचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मानेपासून लांबच्या बाजूला ढकला. मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून घासा. तपासायची खूण सोपी आहे: कडेवरून कापसाचा बोळा फिरवा. एकही तंतू अडकला तर अजून घासायचं आहे. क्लिप सरकावी म्हणून तेल किंवा व्हॅसलीन अजिबात लावू नका. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगून कमकुवत होतं. मान ओली केली की पुरतं.

पायरी ७: चाचणी

आधी पाण्याची चाचणी. मान आणि क्लिप पूर्ण बुडवून दोन मिनिटं पाहा. लावताना अडकलेली हवा सुरुवातीला दोन-चार बुडबुड्यांनी निघते, ती गळती समजू नका. त्यानंतर एका ठरावीक जागेवरून बुडबुडा येत राहिला तर ती जागा लिहून ठेवा. कडेला की मधे, यावरूनच पुढची दुरुस्ती ठरते: कडेला असेल तर पट्टी मऊ किंवा जाड करा, मधे असेल तर कणा फुगीर करा.

मग चोवीस तासांची चाचणी. इथे एक गोष्ट केलीच पाहिजे, आणि ती न केल्यामुळे मी चांगल्या क्लिपा टाकून दिल्या आहेत. शेजारी गाठ मारलेला तसाच एक फुगा ठेवा. रबराच्या भिंतीतूनच हवा हळूहळू झिरपत असते, म्हणून गाठीचा फुगाही लहान होतो. क्लिपचा दोष म्हणजे या दोन फुग्यांमधला फरक, तेवढाच.

माप घ्यायचं ते दोऱ्याने, फुग्याच्या सगळ्यात मोठ्या घेराचं. पेनाने दोन-तीन ठिपके काढून ठेवा म्हणजे दर वेळी दोरा त्याच जागेवरून जाईल. घेरातला छोटा फरक हवेतला मोठा फरक असतो, कारण आकारमान घेराच्या घनाप्रमाणे बदलतं. ८८ सेंमीचा घेर ८४ झाला तर सुमारे १३ टक्के हवा गेली. मोजताना खोलीचं तापमानही लिहा. तीन अंशांनी गारवा वाढला की आकारमान साधारण १ टक्क्याने घटतं, आणि नेमक्या पहाटेच्या मापात क्लिप उगीच बदनाम होते. प्रत्येक नमुन्यासाठी निदान तीन फुगे घ्या आणि दर वेळी नवेकोरे घ्या. एकदा ताणलेलं रबर दुसऱ्यांदा सहज ताणतं, म्हणून जुना आणि नवा फुगा यांची तुलना होत नाही.

शेवटी उघड-मीट. शंभर वेळा क्लिप उघडा-मिटा आणि दर वीस वेळांनी पाण्याची चाचणी घ्या. खटका ढिला पडला का, पट्टी पन्हळीतून सुटली का, मानेवर पांढरट ओरखडा उमटला का, हे पाहा. शंभर आकडा मोठा वाटेल, पण टीव्ही बघत बसल्या-बसल्या होतो.

हेलियमचा फुगा असेल तर

इथे वजन आडवं येतं. एक लिटर हेलियम जेमतेम १ ग्रॅम वजन उचलतो. २८ सेंमीच्या फुग्यात साडेअकरा लिटर मावतो आणि फुग्याचं स्वतःचं वजन ३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे उरली ८ ग्रॅमची उचल, त्यातच दोरी. क्लिप ३ ग्रॅमच्या आत ठेवा. पीएलएची घनता १.२४ असते, त्यामुळे ३ ग्रॅम म्हणजे सुमारे २.४ घन सेंमी प्लास्टिक. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आकारमान दिसतंच, छापण्याआधी पाहून घ्या. क्लिप कितीही चांगली झाली तरी या आकाराचा साधा रबरी फुगा हेलियमवर बारा ते चोवीस तासच तरंगतो. हेलियमचे अणू रबरातूनच निघून जातात, तिथे क्लिपचा इलाज नाही. असे फुगे क्लिपसकट बाहेर आकाशात सोडू नका. रबर आणि प्लास्टिक दोन्ही कुठेतरी खाली येऊन पडतात आणि जनावरं, पक्षी ते गिळतात.

मुलांच्या हाती देण्याआधी

न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. आठ वर्षांखालच्या मुलांना फुगे मोठ्यांच्या नजरेखालीच द्यावेत अशी सूचना पाकिटांवर असते, ती गंभीरपणे घ्या. क्लिप पुन्हा वापरता आली की रिकामे फुगेही घरात जास्त दिवस फिरतात, म्हणून ही काळजी गाठीच्या फुग्यापेक्षा इथे अधिक घ्यावी लागते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतले सुटे भाग ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्यात टाकून तपासतात. त्यात पूर्ण मावला तो भाग धोक्याचा. आपली चकती ४० मिमीची ठेवली त्यामागचं कारण हेच, आणि चकती लहान करून प्लास्टिक वाचवायचा विचार आला तर हे माप आधी आठवा. जबड्यांच्या क्लिपची खिळी सुटून पडत नाही ना, तेही ओढून पाहा. काहींना रबराच्या चिकाची ॲलर्जी असते. वर्गात किंवा कार्यशाळेत ही क्लिप शिकवायला नेणार असाल तर फुगे वाटण्याआधी तेवढं विचारून घ्या.

फुगे आणि क्लिपा एकाच डब्यात ठेवत असाल तर फुगे कोरडे करून, थोडी टाल्कम पावडर लावून, अंधारात ठेवा. ऊन आणि ओझोन रबराला लवकर ठिसूळ करतात. मानेवर बारीक चिरा दिसलेला फुगा बाजूला काढा. त्याच्यावर क्लिप तपासली तर गळती कुणाची, हे कधीच कळणार नाही.